मदत हवी आहे: कॅलेंडर पॅरिसचं, प्रार्थना रोमच्या, मग हस्तलिखित कुठलं मानायचं?

युनिव्हर्सिटी लायब्ररीतलं एक लॅटिन बुक ऑफ अवर्स (दिवसाच्या ठरावीक वेळी म्हणायच्या प्रार्थनांचं हस्तलिखित पुस्तक) बघतेय, प्रोजेक्टसाठी. कॅटलॉगमध्ये नुसतं '१५वं शतक, चर्मपत्र' एवढंच, ठिकाण नाही. कॅलेंडर फ्रेंचमध्ये आहे आणि ३ जानेवारीला संत जेनेव्हिएव्ह, ९ ऑक्टोबरला संत डेनिस ही पॅरिसच्या संतांची नावं सोन्याने लिहिलीयेत, इतकी उठून दिसतात की मी पॅरिस धरूनच चालले होते. पण मग मेरीच्या प्रार्थनांमधले प्राइम आणि नोन (सकाळची आणि दुपारची प्रार्थना) तपासले, कारण प्रथा, म्हणजे प्रार्थना कुठल्या ठिकाणच्या पद्धतीच्या आहेत ते, ओळखायला हेच दोन आधी बघतात, तर प्राइमला अँटिफन (स्तोत्राच्या आधी-नंतर म्हणायची छोटी ओळ) 'असुम्प्ता एस्त मारिया' आणि नोनला 'पुल्क्रा एस', म्हणजे सरळ रोमची प्रथा. पॅरिसची असती तर प्राइमला 'बेनेदिक्ता तू' हवं होतं ना.

रोमच्या प्रथेची पुस्तकं पॅरिसमध्येही बनायची हे माहितीये, पण कॅलेंडर पानांच्या वेगळ्या, स्वतंत्र शिवलेल्या गठ्ठ्यावर असतं त्यामुळे नंतर दुसरीकडून आणून शिवलेलंही असू शकतं, खरी भीती तीच आहे. अक्षर मला तरी एकाच हाताचं वाटतंय. ओळींची आखणी वेगळी आहे पण कॅलेंडरमध्ये तशी असतेच, त्यावरून काही ठरवता येत नाही. मृतांसाठीच्या प्रार्थनेची पानं गायब आहेत, त्यावरून प्रथा पडताळायचा रस्ता बंद. बांधणी नवीन आणि घट्ट, शिवण दिसत नाही, आणि फोटो फ्लॅशशिवायच काढता येतात.

संतांची लिटनी (एकेका संताचं नाव घेऊन केलेली विनवणी) मात्र पूर्ण आहे, अजून वाचली नाहीये. तिच्यात नेमकं काय सापडलं तर कॅलेंडर मूळचंच आहे असं म्हणता येईल, की त्याआधी चित्रांच्या किनारी आणि सजवलेली अक्षरं दोन्ही भागांत जुळवून बघू?