सेशेल्सला बोट भाड्याने घेतोय, कप्तान घ्यावाच लागतो का? अर्जंट

खारावारा: नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. आम्ही आठ मित्रमैत्रिणी सेशेल्सला सात दिवस शिडाच्या कॅटमरानवर (दोन सांगाड्यांची बोट) फिरणार, चार केबिनची बोट, ॲडव्हान्स भरून झालाय आणि आता कंपनी म्हणते कप्तान घ्या. त्याचे पैसे वेगळे. टाळता येतं का? उद्यापर्यंत कळवायचंय.

फिरस्ती_७१: महिना कुठला? आणि बोट मुळात चालवणार कोण होतं?

निवांत: सेशेल्सला आपल्याला व्हिसा लागत नाही. फक्त निघण्याआधी ट्रॅव्हल ऑथोरायझेशन ऑनलाइन भरायचं.

खारावारा: व्हिसाचं कुणी विचारलंय हो? जुलैअखेर. बोट चालवायचं सर्टिफिकेट असलेला मित्र होता तो गळला, त्याच्या जागी दुसरा येतोय. बाकी आमच्यातल्या दोघांनी तलावात डिंगी (छोटी होडी) चालवलीय.

शिडाची_दोरी: अरे हे आधी सांगायचं ना! सर्टिफिकेटवालाच गळला तर कंपनी बोट ताब्यात देणारच नाही, विषय संपला. आणि जुलै म्हणजे आग्नेयेचे वारे भरात, माहे बेट ते प्रास्लिन बेट चाळीसेक किलोमीटर उघडा समुद्र आणि लाटा कुशीवर घेत जायचं. तलाव विसरा.

गोदूताई: आल्याचे तुकडे जवळ ठेवा. मला बोट लागते, तीन दिवस मी नुसती आडवी होते, बाकीच्यांनी फोटो काढले.

एकहुली: कॅटमरान घेतलीच कशाला? ते तरंगतं हॉटेल. शीड अनुभवायचं तर एका हुलीची (एकाच सांगाड्याची) बोट, कलली की कळतं वारा काय असतो.

शिडाची_दोरी: आठ जण सात दिवस कललेल्या बोटीत स्वयंपाक करणार का? कॅटमरानच बरी, कमी पाण्यातही नांगर टाकता येतो.

एकहुली: स्वयंपाक करायला समुद्रावर जाता का?

फिरस्ती_७१: भांडण बाजूला ठेवा. खारावारा, कप्तान झोपणार कुठे? चार केबिन, तुम्ही आठ. आमच्या वेळी हे शेवटच्या दिवशी लक्षात आलं आणि तो बिचारा सगळे दिवस सलूनच्या, म्हणजे बोटीतल्या बैठकीच्या खोलीच्या, सोफ्यावर, आम्ही रात्री गप्पा मारत बसलो की त्याची झोपमोड. काही बोटींना पुढे नाळेत (बोटीच्या पुढच्या टोकात) छोटी खोली असते, वरच्या झाकणातून उतरायचं, आहे का ते कंपनीला विचारा. त्याचं जेवणही सहसा तुमच्याकडेच असतं.

खारावारा: हे कंपनी बोललीच नाही!! म्हणजे नऊ जणांचा किराणा?

शिडाची_दोरी: हो, पण पैसे वसूल. जुलैत प्रास्लिनच्या आन्स लाझिओ किनाऱ्याला आडोसा मिळतो, ला दीग बेटाच्या ग्रांद आन्स किनाऱ्याला फार उसळतं, हे कप्तानाला ठाऊक असतं. विषुववृत्त जवळ म्हणून सव्वासहाच्या आसपास सूर्य बुडतो आणि लगेच अंधार, त्याआधी नांगर पडलेला हवा.

गोदूताई: क्युरियूज बेटावरची मोठी कासवं नक्की बघा, मान खाजवली की लांब करतात!

खारावारा: कंपनीशी बोललो, नाळेत खोली आहे पण पंखा नाही म्हणे. कप्तान घेतोय. आता कुणी सांगा, त्याचा खर्च आठात वाटायचा की ज्याच्यामुळे घ्यावा लागला त्या गळलेल्याकडूनही काही मागायचं?

निवांत: कोको द मेर (तिथला जोडनारळ) आणायचं असेल तर परवाना लागतो हं.