फिलिपिनो साहित्य फक्त इंग्रजीत आहे काय?

पूर्वकिनारा: 'कादंबरीकार होसे रिझालनंतर फिलिपिन्समध्ये दखल घेण्याजोगे जे लिहिले गेले ते इंग्रजीतच, निक वाकीन आणि सिओनिल होसे वाचले की पुरे,' हे येथील कालच्या लेखातले विधान वाचून गप्प बसवले नाही. आमादो हेर्नांदेझ यांना १९५१ मध्ये बंडाच्या आरोपाखाली अटक झाली. कोठडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या वावभर आभाळावर त्यांनी तागालोगमध्ये, म्हणजे राजधानी मनिलाच्या परिसरातल्या भाषेत, कविता लिहिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवेपर्यंत १९६४ साल उजाडले. रिझालच्या दुसऱ्या कादंबरीच्या शेवटी समुद्रात फेकलेली संपत्ती हेर्नांदेझ यांनी 'मंगा इबोंग मान्दारागित' या कादंबरीत वर काढली आणि महायुद्धानंतर जमीनदारांच्या कचाट्यात सापडलेल्या देशात तिच्यातून एक वृत्तपत्र उभे केले. रिझालला इतके थेट उत्तर देणारी ही कादंबरी तुम्ही एका वाक्यात निकालात काढता!

मूळ लेखक: रिझालने तरी तागालोगमध्ये कुठे लिहिले? १८८७ ची 'नोली मे तांहेरे' आणि १८९१ ची 'एल फिलिबुस्तेरिस्मो' या दोन्ही कादंबऱ्या स्पॅनिश आहेत. सिओनिल होसे इलोकानो भाषिक घरातले. तागालोग त्यांच्याही घरची भाषा नव्हती. तरीही पांगासिनान प्रांतातल्या रोसालेस गावाभोवती, स्पॅनिश राजवटीपासून हुकूमशहा मार्कोसच्या काळापर्यंत, शेतकऱ्यांच्या पिढ्यांचे हाल त्यांनी पाच कादंबऱ्यांत मांडले. तागालोगचा हा आग्रह मला राजधानीचा आग्रह वाटतो.

दर्यावर्दी: मी मालवाहू जहाजावर नोकरी केली आहे. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, फिलिपिनो होता, आणि रात्रपाळीत तो बालागतास यांचे १८३८ मधले 'फ्लोरान्ते आत लाउरा' हे काव्य म्हणत असे: बारा-बारा अक्षरांच्या चार ओळी, चारींना एकच यमक, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी दोरखंडावर हाताची थाप. कथा आल्बेनियात घडते, पण रोख आमच्या देशावर आहे, असे तो बजावून सांगे. वाकीन यांचे नावही त्याला ठाऊक नव्हते.

शाळामास्तर: बोसनला ते पाठ होते, कारण शाळेत सक्ती असते. रिझाल तर १९५६ पासून कायद्यानेच अभ्यासाला आहे. मी आयुष्यभर मराठी शिकवली. गुणांसाठी पाठ केलेली कविता परीक्षेनंतर मुलांच्या तोंडी राहिलेली मी पाहिलेली नाही. सक्तीने साहित्य मरते.

पूर्वकिनारा: आपण त्या कायद्याचा इतिहास वगळून बोलत आहात, आणि याचा मला संताप येतो. या कादंबऱ्यांनी श्रद्धेला धोका आहे म्हणून कॅथलिक धर्माधिकारी विरोधात उभे राहिले होते, आणि क्लारो रेक्तो यांना सिनेटमध्ये त्यासाठी झुंजावे लागले. मठवासी पाद्र्यांचा जुलूम दाखवणारी पुस्तके मुलांच्या हाती पडूच नयेत, असे म्हणणाऱ्यांविरुद्ध तो कायदा होता. त्याची आणि आपल्या घटक चाचणीची तुलना होऊ शकत नाही.

शाळामास्तर: माझा वर्गातला अनुभव आपण असा झटकून टाकू नये. कायद्यामागचा हेतू चांगला असेल, हे मान्य. हेतूने वाचक घडत नाहीत.

दर्यावर्दी: परीक्षा होऊन वीस वर्षे झाली तरी बोसन ती कडवी म्हणत होता, एवढेच मी पुन्हा सांगतो.

मूळ लेखक: हेर्नांदेझ माझ्या यादीत असायला हवे होते, एवढे मी मान्य करतो, वाकीन यांचे स्थान मात्र मी तसूभरही खाली आणणार नाही. आणि पूर्वकिनारा, तागालोगची बाजू लढवताना आपल्याला एकही स्त्री आठवली नाही, याचे मला नवल वाटते. मार्कोसच्या लष्करी कायद्याखाली पाच मुलगे वाढवणाऱ्या आईच्या तोंडून लुआल्हाती बाउतिस्ता यांनी लिहिलेली 'देकादा सेतेंता' आपण पुढे केली असती, तर मला उत्तर देणे खरोखर जड गेले असते.