फेसबुकवरच्या जाहिरातीतून खरेदी: कॅश ऑन डिलिव्हरी की आधी पैसे?

गोदाकाठ, परभणी
सोयाबीनचे पैसे हातात आले की गावोगाव मोबाईलवरून वस्तू मागवायलेत. माझं मत स्पष्ट आहे, कॅश ऑन डिलिव्हरीच घ्या. जाहिरातीतलं दुकान "99 रुपये बुकिंग भरा, बाकी पार्सल आल्यावर" म्हणालं तर तिथंच थांबा. एवढ्याशा रकमेसाठी कुणी तक्रार करत नाही, त्यावरच त्यांचा धंदा चालतो.

मांजरा_खोरे, लातूर
पटत नाही. नकली माल खपवणाऱ्याला कॅश ऑन डिलिव्हरीच सोयीची, कारण गिऱ्हाईक बेसावध असतं. एरवी कुरिअरवाला आधी पैसे घेतो, मग खोकं उघडायचं. ते पैसे कंपनीत जमा होतात, परत द्यायचा अधिकार त्याच्याकडं नसतो. त्याच्याशी भांडून काय उपयोग? ओळखीच्या अ‍ॅपवर आधी पैसे भरलेले बरे.

गोदाकाठ
मग पैसे द्यायच्या आधी लेबल वाचा ना. बॅटरीवरचा 16 लिटरचा फवारणी पंप रिकामा पाच-सहा किलो तरी भरतो. लेबलवर 0.5 किलो छापलं असेल, खोकं एका हातानं उचललं जात असेल, तर आत पंप नाही. घेऊच नका, परत पाठवा. आगाऊ पैसे भरलेल्याला ही संधीच नाही. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बजावून ठेवा: पोरानं मागवलं असेल म्हणून 499 रुपये देऊन टाकायचे नाहीत, आधी फोन करायचा.

फाट्यावरून, हिंगोली
दोघंही दारात येणाऱ्या डिलिव्हरीचं बोलायलात. खेड्यात कुरिअरवाला फाट्यावर बोलावतो, नाहीतर किराणा दुकानात पार्सल टाकतो आणि दुकानदार पैसे देऊन ठेवून घेतो. लेबल कोण वाचणार? दुकानदाराला आधीच सांगा, माझ्या नावावर पैसे भरू नका. ओपन बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे कुरिअरवाल्यानं आपल्यासमोर खोकं उघडून माल दाखवायची सोय, आपल्या पिनकोडला आहे का, ते ऑर्डर देण्याआधीच बघा. नसेल तर टेप कापण्याआधीपासून व्हिडिओ सुरू ठेवा: लेबल, खोक्याच्या सहाही बाजू, मग आतली वस्तू, सलग. मध्येच थांबवला की विक्रेता म्हणतो, माल तुम्हीच बदलला.

मांजरा_खोरे
खरी लूट तर माल परत करताना होते. रोख दिलेले पैसे परत घ्यायला बँक खातं द्यावं लागतं. लोक गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात, तो ठगाचा निघतो. तो स्क्रीन शेअर करायला लावतो, यूपीआय पिन टाकायला सांगतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही! "पार्सलसाठी *401* सारखा कोड लावून हा नंबर डायल करा" म्हणाला तर तुमचे कॉल त्याच्याकडं वळू शकतात, कॉलवर सांगितला जाणारा ओटीपीसुद्धा. चुकून केलंच तर ##002# डायल करून रद्द करा. आधी भरलेले पैसे सहसा ज्या खात्यातून गेले तिथंच परत येतात, खातं कुणाला सांगायची वेळच येत नाही.

गोदाकाठ
हे मान्य, पण ओळखीच्या अ‍ॅपपुरतंच. जाहिरातीतल्या दुकानाला आगाऊ रुपयाही नाही, यावर मी ठाम आहे.

फाट्यावरून, हिंगोली
खात्यातून पैसे गेले तर लगेच 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाईन. माल खोटा निघाला तर 1915, ग्राहक हेल्पलाईन. तिथं सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्यासाठी लेबल आणि ट्रॅकिंगचा मेसेज जपून ठेवा, रोख दिल्याचा तेवढाच पुरावा उरतो.