मदत हवी आहे: टोक्योत निशी-कासाई ते ओतेमाची रेल्वे पास, मशीन सुइका (प्रीपेड प्रवास कार्ड) घेत नाही

रिमझिम: तोझाई लाईनने (मेट्रोची एक लाईन) आठवड्यातून तीन दिवस ओतेमाचीला ऑफिस. निशी-कासाईच्या मशीनमध्ये तेइकी (पास) काढायला सुइका घातलं की कार्ड परत येतं. हे कार्ड जेआरच्या (मेट्रोहून वेगळी रेल्वे कंपनी) स्टेशनवर घेतलंय. बिघडलंय का? आणि पास एक महिन्याचा घेऊ की सहा?

तोझाईकर: कार्ड ठणठणीत आहे, गेटला लावून बघा. तुमचा सगळा प्रवास टोक्यो मेट्रोवर आहे आणि नुसत्या मेट्रोचा पास फक्त पास्मोवर (सुइकासारखंच दुसरं कार्ड) निघतो. सुइकावर पास जेआर देते, तोही मार्गात जेआरचा तुकडा असेल तरच (उदा. इइदाबाशीला उतरून पुढे जेआर). त्याच मशीनवर तेइकीचं बटण दाबून नवं पास्मो घ्या. 500 येन अनामत पडते. नाव, जन्मतारीख, फोन नंबर विचारतात. नावाचं काताकाना (जपानी लिपी) स्पेलिंग आधी लिहून न्या, मागची रांग वाट बघत नाही. पास 14 दिवस आधीपासून काढता येतो. आणि दोन्ही कार्डं एकाच पाकिटात ठेवून गेटला टेकवू नका, एरर येतो.

हिशेबनीस: थांबा, तीन दिवसांसाठी पास कशाला? महिन्याच्या पासाची किंमत भागिले जाण्यायेण्याचं भाडं, एवढंच करून बघा. मेट्रोवर उत्तर साधारण 18-19 दिवस येतं, म्हणजे महिन्यात तेवढे दिवस गेलात तरच पास परवडतो. तुमचे 12-13च होतात.

रिमझिम: पण ऑफिस पासाचीच रक्कम देतं म्हणे.

हिशेबनीस: मग प्रश्नच मिटला, पास घ्या. फक्त कुठला मार्ग मंजूर आहे ते एचआरला आधी विचारा. तीन महिन्यांना 5 टक्के, सहा महिन्यांना 10 टक्के सूट. मात्र मध्येच घर बदललं तर परतावा पूर्ण महिन्यांच्या हिशेबाने: दोन महिने तीन दिवस वापरला की तीन महिन्यांचं भाडं कापतात, वर 220 येन. नोकरी नवी असेल तर पहिला पास एकाच महिन्याचा घ्या.

जुनं सुइका परत करणार असाल तर शिल्लक आधी कोंबिनीत (छोट्या दुकानात) संपवा. परत करताना जेआर शिलकीतून 220 येन कापते, अनामत मात्र पूर्ण मिळते.

तोझाईकर: पासाचा आणखी एक फायदा. गाड्या बंद पडल्या की फुरिकाए युसो जाहीर होतं, म्हणजे त्या दिवशी सांगितलेल्या दुसऱ्या लाईनने जादा पैसे न देता जाता येतं. ते पासवाल्यांना आणि कागदी तिकीटवाल्यांना. नुसत्या शिलकीवर गेट ओलांडणाऱ्यांना नाही. निशी-कासाईहून फुनाबोरीला तोएई (टोक्यो सरकारची) बस जाते, तिथे तोएई शिंजुकू लाईन. बस त्यात धरली आहे का, हे स्टेशनवर विचारा. ऑफिसला दाखवायला चिएन शोमेइशो, उशिराचा दाखला, मेट्रोच्या साइटवर मिळतो.

खिडकीपाशी: गाड्यांचंही बघा. सकाळची त्सूकिन-काइसोकु (ऑफिसवेळेची जलद गाडी) निशी-कासाईला थांबते, नुसती काइसोकु (जलद) थांबत नाही. परतताना चुकून काइसोकुत बसलात तर तोयोचोला उतरून मागून येणारी काकुएकी (प्रत्येक स्टेशनवर थांबणारी) पकडा. तोयोचो सुटलं की पुढचा थांबा थेट उरायासू. सकाळी सर्वांत जास्त चेंगराचेंगरी किबा ते मोन्झेन-नाकाचो, 8 च्या आसपास. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. फलाटावर गुलाबी पट्टा दिसला तर तो डबा गर्दीच्या वेळी बायकांचा.

रिमझिम: पास्मो, एक महिना. आभार मंडळी.