मदत हवी: लाल डोळ्यांचा खेकडा, त्याची नांगी आणि माझा आगाऊपणा

मंडळी, आधीच कबूल करतो, चूक माझी आहे. शिव्या सावकाश घाला, आधी मदत करा.

खाडीच्या तोंडाशी कातळ संपून कांदळवन सुरू होतं, तिथे उधाणाच्या ओहोटीला मी गोगलगायी बघत हिंडतो. गेल्या काही फेऱ्यांत एका कपारीपाशी फुटक्या शंखांचा सडा दिसू लागला. सगळे नेरिटा या गोगलगायीचे. हा शंख इतका जाड असतो की बुटाखाली आला तरी फुटत नाही. इथे मात्र कडेपासून आत वळणावळणाने कुरतडत नेलेला, काहींचा सरळ चुराच. दोन-तीन जिवंत गोगलगायींच्या शंखांवर जुनी तूट भरून आल्याचा व्रण होता, म्हणजे त्या एकदा तावडीतून सुटलेल्या.

अंधार पडल्यावर बॅटरी मारली तर आत दोन लालभडक डोळे. पाठ चार बोटं रुंद, तपकिरी-जांभळट. पायांवर राठ केस. एक नांगी भलतीच मोठी, दुसरी बारीक, दोन्हींची टोकं काळपट.

नीट दिसावा म्हणून काडी घातली. त्याने ती धरली. मी ओढली, त्याने पाय रोवून अंग कपारीत असं ठोकून बसवलं की हलेना. मग माझी बुद्धी फिरली. जाड हातमोजा घालून मोठी नांगीच पकडली. शेंग मोडावी तसा 'कट्' आवाज झाला आणि नांगी माझ्या हातात. काडी तिने तरीही सोडली नव्हती.

हा कोण? आता जगेल का? आणि शंख फोडायचं हत्यारच गेलं, तर खाणार काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद (कातळवेडा)

वर्णन एरिफिया या खेकड्यांच्या प्रजातीचं वाटतंय. पण नुसत्या लाल डोळ्यांवर जाऊ नका, मेनिपे रुम्फी या दुसऱ्या खेकड्याचे डोळेही तांबूस असतात. (रुम्फियस म्हणजे अंबॉन बेटावर राहून, दृष्टी गेल्यावरही शंख-खेकड्यांवर लिहीत राहिलेला माणूस. १७९८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने त्याचं नाव या खेकड्याला दिलं.) मेनिपेची पाठ गुळगुळीत, अंडाकृती. एरिफियाचे डोळे एकमेकांपासून बरेच लांब, पाठीच्या पुढच्या भागावर दाणे आणि कडेला अणकुचीदार काटे. डोळे हिरवे असते तर मायोमेनिपे म्हटलं असतं. सिंगापूरकडे त्याला गडगडाटी खेकडा म्हणतात, का तर ढग गडगडल्याशिवाय पकड सोडत नाही म्हणे.

नांगी तुमच्याकडे आहेच तर तिच्यावरून बोट फिरवा. गुळगुळीत लागली तर एरिफिया सेबाना, खरखरीत दाणे लागले तर एरिफियाचेच दुसरे प्रकार, स्मिथी किंवा फेरॉक्स. हे फेरॉक्स २००८ मध्ये वेगळं काढलंय, त्यामुळे जुन्या पुस्तकांत ते सापडणार नाही.

प्रतिसाद (भरतीओहोटी)

नांगी तुम्ही तोडली नाहीत, त्याने टाकली. तिच्या बुडाशी एक ठरलेली चीर असते, जीव वाचवायला खेकडा स्वतःच स्नायू आवळून तिथून नांगी सोडतो. आतला पडदा लगेच तोंड बंद करतो, म्हणून रक्त फारसं जात नाही. तुटलेलं टोक बघा. कापल्यासारखं स्वच्छ असेल तर काळजी थोडी कमी. मांसाचे धागे लोंबत असतील तर अवघड आहे. फ्लोरिडात मेनिपे मर्सेनारियाची नांगी काढून खेकडा परत पाण्यात सोडतात, तिथेही हाच फरक पडतो.

नांगी परत येईल, पण कात टाकल्यावर, आणि आधी खेळण्यातल्यासारखी छोटी. पूर्ण व्हायला अनेक काती लागतात. गंमत म्हणजे काही खेकड्यांत फोडायची नांगी गेली की दुसऱ्या बाजूची कापायची नांगी पुढच्या कातींत जाड होऊन तिचं काम घेते आणि नवी येते ती बारीक. उजवा खेकडा डावा होतो. तोवर जाड शंख सोडून पातळ कवचाचं, छोटं काहीतरी खाईल. उपाशी मरेल असं वाटत नाही.

आणि पुढच्या वेळी हातमोजा घरी ठेवा. बोट धरलंच तर ओढू नका, हात पाण्यात घालून गप्प राहा, तो आपण होऊन सोडतो.

धागाकर्ता

दोघांचे आभार. टोक स्वच्छ आहे. नांगीवर बाहेरच्या अंगाला दाणे आहेत, कानशीवर बोट फिरवल्यासारखं लागतं. म्हणजे सेबाना बाद. स्मिथी की फेरॉक्स, यासाठी पाठीचा फोटो लागेल.

काल परत गेलो होतो. काडी नेली नाही. कपारीत आहे तो, माझी बॅटरी दिसताच आणखी आत सरकला. दाराशी नेरिटाचा नवा चुरा नाही, बोटाच्या नखाएवढ्या कालवांची दोन ताजी झाकणं मात्र पडली होती.