रोज २०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन, तरी टीएसएच ४८: शोषण चाचणी नेमकी कशी करायची?

मेडिसिन_रेसिडेंट

नमस्कार. चाळिशीच्या आतली महिला रुग्ण, हाशिमोटो (शरीराचीच प्रतिकारशक्ती थायरॉइड निकामी करते), त्यातल्या अँटी-टीपीओ अँटीबॉडी भरपूर वाढलेल्या. वजन ६२ किलो, उंची १५५ सेंमी. दीड वर्षात डोस ७५ वरून २०० मायक्रोग्रॅमपर्यंत चढवत नेला. शेवटचे तीन टीएसएच (थायरॉक्सिन कमी पडलं की वाढणारं हार्मोन) ६१, ५४, ४८. फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) दोनदा ०.५ च्या आसपास म्हणजे कमी, या वेळी मात्र १.४, नॉर्मल. गोळी अनशापोटी घेते असं सांगते. पोटाची तक्रार नाही, जुलाब नाहीत, टीटीजी-आयजीए (सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हाच्या ग्लूटेनने होणाऱ्या आतड्याच्या आजाराची रक्ततपासणी) निगेटिव्ह. मॅलअ‍ॅब्सॉर्प्शन (आतड्यात नीट शोषण न होणं) धरून गॅस्ट्रोकडे एंडोस्कोपीला पाठवावं का? आधी थायरॉक्सिनची शोषण चाचणी करायची असेल तर डोस किती, नमुने कधी घ्यायचे आणि टक्केवारी कशी काढायची? केस रिपोर्ट लिहायचाही विचार आहे.

अंतःस्रावी_ओपीडी

एंडोस्कोपी तूर्त थांबवा. थायरॉइड पूर्ण निकामी असली तरी डोस लागतो किलोला साधारण १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६२ किलोला १००. तुम्ही त्याच्या दुप्पट देताय.

उत्तर बरंचसं तुमच्याच आकड्यांत आहे. टीएसएच ४८ आणि फ्री टी४ १.४ ही जोडी विसंगत आहे. टी४ चार दिवसांत वर येतो, टीएसएच खाली यायला सहा आठवडे लागतात. तपासणीच्या आधीचा आठवडाभर गोळ्या नेमाने घेतल्या आणि त्याआधी नाही, तर रिपोर्ट असाच दिसतो. रक्त त्या दिवशीची गोळी घेतल्यावर काढलं का, तेही विचारा. डोसनंतर दोन-चार तासांत फ्री टी४ तात्पुरता वर असतो.

विचारण्याची पद्धत महत्त्वाची. 'गोळी चुकते का?' याला उत्तर 'नाही' हेच येणार. 'आठवड्यातून किती दिवस राहून जाते?' असं विचारा. बाटली घेऊन यायला सांगा. १०० गोळ्यांची बाटली कधी घेतली आणि आज आत किती उरल्या, हे मोजायला एक मिनिट लागतं. गोळ्या मूळ बाटलीतून काढून प्लास्टिकच्या डबीत, गॅसजवळच्या फळीवर ठेवलेल्या असतील तर उष्णता आणि दमटपणाने त्यांची ताकद कमी होते.

'अनशापोटी' या शब्दावरही विसंबू नका. पुष्कळांच्या हिशेबात चहा पोटात धरत नाहीत. गोळी चहाच्याच घोटाबरोबर जाते. साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे किमान अर्धा तास, जमल्यास तासभर काही नको. लोह आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर हवं. पँटोप्राझोल (अ‍ॅसिडिटीची गोळी) चालू आहे का? रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन? गर्भनिरोधक गोळ्या? यांनी शोषण घटतं किंवा डोस जास्त लागतो. लघवीतली प्रथिनंही बघा, नेफ्रॉटिकमध्ये (मूत्रपिंडातून प्रथिनं गळण्याचा आजार) थायरॉक्सिन लघवीवाटे जातं.

एक त्रुटी दाखवतो: टीटीजी-आयजीएबरोबर एकूण आयजीए केलंय का? आयजीएच कमी असेल तर निगेटिव्ह रिपोर्टला अर्थ नाही. आणि तपासणीआधी गहू बंद केलेला नसावा.

हे सगळं स्वच्छ निघालं तर चाचणी करा. सुरुवातीला ईसीजी. इस्केमिक हृदयविकार, अतालता किंवा उपचार न झालेली अ‍ॅड्रिनलची कमतरता असेल तर चाचणी करू नका. हाशिमोटोसोबत अ‍ॅडिसन (हीच अ‍ॅड्रिनल ग्रंथीची कमतरता) असू शकतो; बीपी कमी, सोडियम कमी, त्वचा काळवंडलेली असेल तर सकाळचं कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनलचं हार्मोन) आधी.

रात्रभर उपाशी. शून्य वेळेचा नमुना, मग १००० मायक्रोग्रॅम तोंडाने: १०० च्या दहा गोळ्या, २०० मिली पाण्याबरोबर, नर्ससमोर. त्यानंतर तोंड उघडून जिभेखाली आणि गालाच्या आत बघायचं. पुढचा अर्धा तास एकटीने स्वच्छतागृहात पाठवायचं नाही, पर्स नातेवाइकांकडे. हे पोलिसी वाटतं, पण चाचणीचा सगळा अर्थ यावरच उभा आहे. नमुने ३०, ६०, ९०, १२०, १८०, २४० मिनिटांना, जमल्यास ३६० लाही. नाडी आणि बीपी दर तासाला. चार तास फक्त पाणी.

प्रयोगशाळेच्या_खिडकीतून

वरच्या उत्तरात लॅबची बाजू राहिली. फॉर्मवर टोटल टी४ (प्रथिनांना बांधलेलं आणि मोकळं, सगळं मिळून) लिहा. सगळेजण फ्री टी४ मागवतात आणि मग सूत्रात घालायला आकडाच नसतो.

सूत्र: टोटल टी४ मधली सर्वाधिक वाढ, गुणिले वितरण आकारमान, भागिले दिलेला डोस, गुणिले १००. वितरण आकारमान (औषध शरीरात किती लिटरभर पसरतं याचा अंदाज) लिटरमध्ये = ०.४४२ गुणिले बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग). तुमच्या रुग्णाचा बीएमआय २५.८, म्हणजे ११.४ लिटर. समजा टी४ ३.१ वरून ९.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरला गेला. वाढ ६.४. इथेच घोळ होतो: डेसिलिटरचं लिटर करायला दहाने गुणायचं, ६४. मग ६४ × ११.४ = साधारण ७३०. १००० पैकी ७३०, म्हणजे ७३ टक्के. साठच्या वर असेल तर शोषण ठीक समजतात. तुमची लॅब नॅनोमोल प्रति लिटर देत असेल तर आधी १२.८७ ने भागा.

कॅन्युला (शिरेतली नळी) हेपरिनने फ्लश करू नका, सलाईन वापरा. हेपरिनमुळे फ्री टी४ खोटा वाढलेला दिसतो. प्रत्येक वेळी पहिले दोन मिली टाकून द्या. सगळे नमुने जपून एकाच दिवशी, एकाच मशीनवर, एकाच रनमध्ये लावून घ्या.

केसांसाठी बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) घेते का, विचारा. बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनवर चालणाऱ्या मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त येतो. त्यामुळे तुमचा ४८ बायोटिनने आलेला नाही, पण शोषण चाचणीतले टी४ त्यानं बिघडू शकतात. नेहमीच्या ५-१० मिग्रॅच्या गोळ्या किमान दोन दिवस आधी बंद ठेवा.

मॅक्रो-टीएसएच (अँटीबॉडीला चिकटलेलं, निष्क्रिय टीएसएच, जे मोजणीत मात्र दिसतं) हाही एक फाटा आहे. टीएसएच जास्त, टी४ कायम नॉर्मल आणि लक्षणं शून्य असतील तर पीईजी या रसायनाने ते खाली बसवून टीएसएच पुन्हा मोजायचं. इथे आधीचे टी४ ०.५ आहेत, म्हणून मी त्यामागे लागणार नाही.

मेडिसिन_रेसिडेंट

आभार. एकूण आयजीए राहिलं होतं, पाठवलं. बाटलीही मागवली: दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या १०० पैकी ७१ शिल्लक! आता चाचणीची गरज उरते का? आणि शोषण ७० टक्क्यांवर आलं तर पुढे काय?

अंतःस्रावी_ओपीडी

साठ दिवसांत २९ गोळ्या. घरात दुसरी बाटली नाही ना, याची खात्री करा. तरी चाचणी कराच म्हणेन, कारण त्या आकड्यावर रुग्णाशी मोकळं बोलता येतं: 'तुमचं पोट गोळी नीट घेतंय, ही चांगली बातमी आहे.' इथून संभाषण सोपं होतं, आरोप करावा लागत नाही.

पुढचा डोस २०० ठेवू नका! ती उद्यापासून खरंच रोज घेऊ लागली तर महिन्याभरात धडधड घेऊन येईल. १०० धरा. थायरॉक्सिनची अर्धायू सुमारे सात दिवस असल्याने आठवड्याचा डोस एकदम देता येतो: ७०० मायक्रोग्रॅम, ठरावीक वारी, ओपीडीत नर्ससमोर. हृदयाची शंका असेल तर हा मार्ग नको. चाचणीचे १००० दिले त्या आठवड्यात ७०० देऊ नका, पुढच्या आठवड्यापासून सुरू करा. सहा आठवड्यांनी, त्या आठवड्याचा डोस द्यायच्या आधी, टीएसएच आणि फ्री टी४. चाचणीनंतर दोन-चार दिवसांनी टीएसएच बघून निष्कर्ष काढू नका, एका मोठ्या डोसनेही तो थोडा हलतो.

शोषण ३० टक्के वगैरे आलं तर गोष्ट वेगळी. मग एच. पायलोरी या जठरातल्या जिवाणूचं स्टूल अँटीजेन (पँटोप्राझोल दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद ठेवून), पॅरायटल सेल अँटीबॉडी (जठरात आम्ल बनवणाऱ्या पेशींविरुद्धच्या), बी१२, आणि तुमची ती एंडोस्कोपी, ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) बायोप्सीसकट.

प्रबंध_आणि_पेपर

केस रिपोर्टबद्दल. विषय नवा नाही, त्यामुळे 'दुर्मीळ' हा शब्द शीर्षकात घालू नका, परीक्षक तिथेच थांबतात. तुमच्या केसचं मोल तक्त्यात आहे: दर नमुन्याची वेळ, टोटल टी४, बीएमआय, सूत्र, उरलेल्या गोळ्या, आणि देखरेखीखालच्या डोसवर सहा व बारा आठवड्यांचा टीएसएच. हा शेवटचा भाग नसेल तर रिपोर्ट अर्धवट आहे. थांबा, मग लिहा. केस रिपोर्ट कसा लिहावा यासाठीच्या २०१३ च्या केअर (CARE) मार्गदर्शक सूचनांची यादी समोर ठेवून तारखांऐवजी 'आठवडा ०, आठवडा ६' अशी कालरेषा करा.

संमतीपत्र मराठीत हवं आणि लिहायला बसण्याआधी. 'गोळ्या घेतल्या जात नव्हत्या' हे छापलं जाणार आहे, हे तिला स्पष्ट सांगून. गाव, नेमकं वय, व्यवसाय गाळा. छोट्या तालुक्यात तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो. एथिक्स समितीचं पत्र लागतं की नाही, हे प्रत्येक संस्थेत वेगळं असतं, त्यामुळे सदस्य सचिवांना लेखी विचारून उत्तर फाइलला लावा. मसुद्यात 'रुग्णाने दिशाभूल केली' असं वाक्य आलं तर खोडा. डोस वाढवताना दीड वर्ष कुणीही बाटली बघितली नाही, हे चर्चेच्या परिच्छेदात लिहा.