केमो डेकेअरमधल्यांनो, तुमचं खरं शिकणं कुठे होतं?

डेकेअर_सिस्टर:
नमस्कार मंडळी. मी केमो डेकेअरला असते. नोंदणीच्या नूतनीकरणाला लागणारे तास दर खेपेला भरतात, प्रमाणपत्रांची फाइल फुगत चाललीय. तासांबद्दल तक्रार नाही. पण सभागृहात ऐकलेलं आणि खुर्चीवरच्या पेशंटला लागणारं यांची गाठच पडत नाही.

उदाहरण देते. जुलाब म्हटलं की आम्हाला केमोचे जुलाब माहीत. ओआरएस घ्या, लोपेरामाइड घ्या, नाही थांबले तर फोन करा. झोपेतून उठवलं तरी सांगू. आता निवोलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या) औषधांवरचा पेशंट फोनवर 'जरा पोट बिघडलंय' म्हणतो आणि तोंडात तेच जुनं वाक्य येतं. इथे मात्र प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटलेली असू शकते. तसं असेल तर वेळेत स्टिरॉइड लागतं, आणि नुसत्या लोपेरामाइडने जुलाब झाकले तर आतली सूज वाढतच राहते. त्यात शेवटचा डोस होऊन महिने लोटले तरी हे होऊ शकतं. पेशंट म्हणतो, उपचार तर संपले, मग तुम्हाला कशाला कळवायचं?

आमच्या इम्युनोथेरपीच्या कार्यशाळेत टी-सेलची रंगीत चित्रं होती, रिसेप्टरची नावं होती. फोनवर काय विचारायचं, यावर एक ओळ नव्हती.

तर तुम्ही नवीन औषधांचं कसं शिकता? ऑनलाइन, वॉर्डात, की एखाद्या सरांच्या मागे लागून? रात्रपाळीवाल्यांनी जरूर लिहा. कार्यक्रम नेमके सकाळी असतात, तेव्हा तुम्ही डोळे चोळत घरी निघालेल्या असता.

जुनी_पाळी:
ताई, आधी तुमच्या फोनचंच घेते. 'किती वेळा झाली?' हा अर्धा प्रश्न झाला. 'एरवी दिवसाला किती वेळा जाता?' हा उरलेला अर्धा, आणि तोच राहून जातो. ग्रेड, म्हणजे जुलाबाची तीव्रता, ठरते ती नेहमीपेक्षा किती वाढ झाली त्यावर. ४ पेक्षा कमी वाढ असेल तर ग्रेड १, ४ ते ६ असेल तर ग्रेड २, ७ किंवा जास्त असेल तर ग्रेड ३. म्हणजे एरवी एकदा जाणारा माणूस सहा वेळा गेला तर ग्रेड २. कोलोस्टोमी (पोटावर शौचाची पिशवी) असेल तर पिशवी किती भरतेय ते विचारायचं. मग रक्त पडतंय का, पोटात कळा येतात का, रात्री उठावं लागतं का. आमच्याकडे हे प्रश्न फोनशेजारीच चिकटवलेत. वाचून विचारायला लाज कसली?

आता शिकण्याचं. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी हँडओव्हरला (पाळी बदलताना) धरून पंधरा मिनिटं राखून ठेवलीत. त्या आठवड्यात जिने नवीन औषध लावलं, ती बोलते. भाषण नाही. कुठल्या फ्लुइडमध्ये, किती वेळात, लावताना काय झालं, पेशंटने काय विचारलं, एवढंच. ज्या प्रश्नाचं उत्तर तिला देता आलं नाही तो फळ्यावर जातो आणि पुढच्या वेळेपर्यंत कुणीतरी शोधून आणते.

दुसरं म्हणजे तालीम. डॉक्सोरुबिसिनसारखं केमोचं औषध शिरेबाहेर गेलं तर काय करायचं हे पेपरात सगळ्यांना येतं. ड्रिप बंद, कॅन्युला तशीच ठेवून जितकं ओढता येईल तितकं ओढायचं, फ्लश मारायचा नाही, पेनने कडा आखायची, थंड शेक. व्हिंक्रिस्टिन असेल तर उलट, कोमट शेक. बेडवर एकीला पेशंट म्हणून बसवून हे प्रत्यक्ष केलं तेव्हा तिसरीच गोष्ट कळली: रात्री डेक्सराझोक्सेनच्या (त्यावरच्या उताऱ्याच्या) कपाटाची किल्ली कुणाकडे असते, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं! त्याचा पहिला डोस ६ तासांच्या आत, दुसऱ्या हातातून जायला हवा, आणि त्याआधी किमान १५ मिनिटं थंड शेक काढायला हवा. किल्ली शोधण्यात वेळ गेला तर पेपरातले गुण काय कामाचे?

फार्मसीची_खिडकी:
सिस्टर लोकांना माझी एकच विनंती. ट्रास्टुझुमॅब, ट्रास्टुझुमॅब एमटॅन्सिन आणि ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन ही तीन वेगळी औषधं आहेत. 'ट्रास्टु लावायचंय' असं फोनवर सांगू नका. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तीन आठवड्यांच्या चक्रात पहिल्याचा नेहमीचा डोस किलोला ६ मिग्रॅ, दुसऱ्याचा ३.६, तिसऱ्याचा ५.४. पहिली दोन सलाइनमध्ये, तिसरं ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच. तिसऱ्यावरचा पेशंट 'नवीन खोकला लागलाय' म्हणाला तर सर्दी समजून सोडू नका, फुप्फुसाला सूज असू शकते. डोस लावायच्या आधी डॉक्टरांना कळवा.

शिकवते_म्हणून:
मी नर्सिंग शिक्षण विभागात आहे, म्हणजे सभागृहातली खलनायिका मीच. जुनी_पाळी यांचं बरंचसं पटतं, पण सगळं नाही. पाळीवर शिकताना बरोबर गोष्टी जशा पसरतात तशाच चुकीच्याही पसरतात, आणि सीनियरला 'हे जुनं झालं' असं सांगायची हिंमत नवीन मुलीला होत नाही. म्हणून ती पंधरा मिनिटं हवीतच, पण शेजारी चालू प्रोटोकॉल उघडा असू द्या.

तासांच्या हिशेबाला पर्याय आहे. अमेरिकेत ओसीएन या कॅन्सर नर्सिंगच्या प्रमाणपत्राची मुदत ४ वर्षं असते. त्याच्या नूतनीकरणात आधी चाचणी देऊन स्वतःचे कच्चे विषय काढतात आणि गुण त्या विषयांतच मिळवावे लागतात. जे येतं त्याच्याच वर्गात पुन्हा पुन्हा बसून आकडा भरता येत नाही. मला हे पटतं.

आणि एक खंत. काही बिघडलं की 'ट्रेनिंग घ्या' हा हुकूम येतो. व्हिंक्रिस्टिन चुकून पाठीच्या मणक्यातून गेलं तर बहुतेक वेळा जीवच जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं की ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या पिशवीत द्यावं, म्हणजे मणक्यातून द्यायचं कुणाच्या मनातच येणार नाही. पिशवी बदलून जे होतं त्यासाठी माझ्याकडून व्याख्यान मागू नका.

रात्रपाळी:
सकाळी थांबून ऐकलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. मला उपयोग झाला तो रात्री राउंडला आलेल्या रजिस्ट्रार डॉक्टरचा. 'काउंट्स (पांढऱ्या पेशी) कमी आहेत, ३८.३ ताप आहे, तासाच्या आत पहिलं ॲंटिबायोटिक का?' असं विचारलं, तर तिने बेडजवळच समजावलं. वर हेही सांगितलं की स्टिरॉइडवरच्या पेशंटला ताप चढेलच असं नाही, नुसती थंडी वाजली, बीपी पडलं तरी उठवा. या शिकण्याचे तास मात्र कुठे लिहायचे?

डेकेअर_सिस्टर:
'एरवी किती वेळा' हा प्रश्न आजच फोनशेजारी लावला. तीन ट्रास्टुचा तक्ताही करते, फार्मसीवाल्यांना दाखवूनच लावेन.

शिकवते_म्हणून मॅडम, तुम्ही स्वतःला खलनायिका म्हणालात म्हणून धीर करून विचारते. पाळीवरची ही पंधरा मिनिटं तासांत धरायची असतील तर नोंद कशी ठेवायची? नुसत्या सह्यांचं रजिस्टर चालेल, की विषय आणि चाचणीही लागेल? आमच्या मेट्रन तयार आहेत, फक्त कागद काय ठेवायचा ते सांगा.

शिकवते_म्हणून:
नियम तुमच्या नोंदणी परिषदेला लेखी विचारा, तो जागोजागी वेगळा असतो. तोवर तारीख, विषय, कोण बोललं, कोणता प्रोटोकॉल पाहिला आणि सह्या, एवढं लिहीत चला. शेवटी एक रकाना ठेवा: 'यानंतर वॉर्डात काय बदललं'. तो बराच काळ कोरा राहिला तर मला बोलवा, व्याख्यान न देता तुमच्यासोबत पाळीला उभी राहीन.